पेंग्विन बघितले, मासे राहिले

केपटाऊनला जाऊन आलेल्या माणसाला लोक दोनच प्रश्न विचारतात. टेबल माउंटनवर गेलास का, आणि पेंग्विन बघितलेस का. दोन्हीला 'हो' म्हणता यावं म्हणून आम्ही ऑफिसातल्या चौघांनी शनिवारची गाईडेड डे ट्रिप बुक केली. सकाळी चॅपमन्स पीकचा घाट, मग केप पॉइंट, आणि परतताना सायमन्स टाऊनच्या बोल्डर्स बीचवर पाऊण तास. त्यातली काही मिनिटं तिकिटाच्या रांगेत.

पेंग्विन झकास आहेत, त्यात वाद नाही. गोल गोल प्रचंड खडक, पांढरी वाळू, लाकडी पायवाट आणि तिच्या दोन्ही बाजूंना गुडघ्यापेक्षा जरा उंच पक्षी. ओरडतात मात्र अगदी गाढवासारखे. (बर्फ नाही. राणीच्या बागेतले हम्बोल्ट पेंग्विन काचेमागे गार हवेत बघून आपला समज पक्का झालाय, पण तेही मूळचे चिली-पेरूच्या किनाऱ्यावरचे.)

माझं भांडण आहे ते गाईडच्या गोष्टीशी. "१९८२ साली इथे फक्त दोन जोड्या होत्या, आणि आता बघा!" असं म्हणून त्याने हात पसरले. सगळे "सो क्यूट!" गाडीत बसताना आमच्यातला एकजण म्हणाला, "मजेत आहेत रे, लोक उगाच बोंबाबोंब करतात." आणि मला ते पटलं, हे जास्त वाईट.

रात्री हॉटेलवर सहज वाचायला बसलो आणि डोकं फिरलं. ज्या पक्ष्याचे मी दीडशे फोटो काढले तो ऑक्टोबर २०२४ पासून आययूसीएनच्या यादीत 'अतिसंकटग्रस्त' आहे. जंगलात नामशेष होण्याच्या अगदी आधीची पायरी. प्रजनन करणाऱ्या जोड्या जगभरात मिळून १०,००० पेक्षा कमी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एकट्या डासेन बेटावर १० लाखांहून जास्त पेंग्विन असावेत असा अंदाज आहे! आधी लोकांनी त्यांची अंडी नेली, ज्या विष्ठेच्या थरात ते बिळं करायचे ते थर खत म्हणून खरवडून नेले. आता कमी पडतायत ते मासे.

मासे म्हणजे सार्डीन आणि अँचोव्ही, आपल्या तारली-मांदेलीचे चुलतभाऊ. ते पर्ससीन जाळ्यांनी पकडतात. हो, तेच पर्ससीन, ज्यावर महाराष्ट्राने २०१६ साली निर्बंध घातले आणि ज्यावरून कोकणात अजून भांडणं होतात. शिवाय समुद्र बदलला तसे माशांचे थवेही जागा बदलत गेले. पेंग्विनला ते परवडत नाही. पिल्लं असताना त्याला घराजवळच मासे लागतात. वर्षातून एकदा सगळी पिसं बदलायची, तेव्हा साधारण तीन आठवडे पाण्यात उतरता येत नाही, म्हणजे कडक उपास. आधी चरबी साठली नसेल तर खेळ खलास.

आणि आता त्या दोन जोड्या. त्या वाढल्या याचं एक कारण असं मानलं जातं की फॉल्स बेमध्ये जाळ्यांनी होणारी मोठी मासेमारी कमी झाली आणि त्यांना खायला मिळालं. म्हणजे गाईडच्या हातात सगळी गोष्ट होती. त्याने फक्त कारण गाळलं आणि उरलेली लव्हस्टोरी सांगितली. डेमो सर्व्हरवर सगळं हिरवं दाखवून "प्रॉडक्शनही मस्त चाललंय" म्हणणाऱ्या मॅनेजरची आठवण झाली.

कोणी म्हणेल, पर्यटकांनीच वाट लावली. नाही पटत. लाकडी पायवाटेवरून निमूट चालणाऱ्या माणसाने पेंग्विन उपाशी मरत नाही, उलट तिकिटाचे पैसे राष्ट्रीय उद्यानाला जातात. कोणी म्हणेल, लोक सुट्टीवर आलेत, त्यांना लेक्चर कशाला? अहो, कॅम्प्स बेच्या बंगल्यांच्या किमतींवर त्याच गाईडने वीस मिनिटं घेतली होती! कितीला घेतला, कितीला विकला, सगळं पाठ. आदल्या दिवशी रॉबेन बेटावर मंडेलांची कोठडी बघितली. तिथल्या पेंग्विनसाठीही लोक कोर्टात गेले होते, हे तिथेही कोणी बोललं नाही. मार्च २०२५ मध्ये पर्यावरणवाले, मच्छीमार कंपन्या आणि सरकार यांच्यात तडजोड झाली. प्रिटोरियाच्या हायकोर्टाने ती आदेशात घातली. सहा वसाहतींभोवती १० वर्षं सार्डीन-अँचोव्हीची व्यावसायिक मासेमारी बंद. रॉबेन बेट त्या सहांत आहे. हे सांगायला अर्धा मिनिट लागतो, मी मोजून बघितलं.

मासेमारीवर तिथेही हजारोंची पोटं आहेत, त्यामुळे कुठे किती पाणी बंद करायचं यावर वाद होणारच. होऊ देत. पण निदान पर्यटकाला तो वाद आहे हे तरी कळू दे.

टिप मी दिली होती, नेहमीसारखी. तुम्ही जाणार असाल तर जरूर जा. आणि दोन जोड्यांची गोष्ट आली की विचारा, "त्या इथेच का वाढल्या?" काय उत्तर मिळालं ते मला कळवा.