गुणवत्तेचा हंगाम

अमेरिकेत महाविद्यालयीन फुटबॉलचा (हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे) हंगाम जवळ आला की कोणता संघ जिंकेल यावर वाद रंगतात. अशा वादात एक प्रश्न सहसा राहून जातो : निवडीच्या वेळी दारच कोणासाठी बंद होते?

अलाबामा विद्यापीठाचा संघ १९६९ मध्ये सहा सामने जिंकला, पाच हरला. प्रशिक्षक पॉल ब्रायंट ख्यातकीर्त. तरीही मैदानात उतरणाऱ्यांत एकही कृष्णवर्णीय नव्हता. १२ सप्टेंबर १९७० रोजी बर्मिंगहॅममध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाने त्यांना ४२-२१ असे हरविले. कृष्णवर्णीय सॅम कनिंगहॅमने त्या दिवशी १३५ यार्डांची मजल मारली. विल्बर जॅक्सन तेव्हा अलाबामात दाखल झालेला होता. पण प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यास मुख्य संघात खेळण्याची मुभा नसे.

१९७१ मध्ये जॅक्सन आणि जॉन मिचेल खेळले. अकरा विजय, एक पराभव. ब्रायंट यांनी त्या वर्षी खेळाची रचनाही बदलली होती, हे इतिहासाच्या शिक्षकाने लपवू नये. पण दार उघडल्याने संघ दुबळा झाला नाही, एवढे निर्विवाद.

आपल्या वसतिगृहातून बाहेर पडलेल्या मुलामुलींना ‘राखीव जागांमुळे गुणवत्ता घसरते’ हे आजही ऐकावे लागते. असे बोलणाऱ्यांना त्यांनी १९६९ चा तो संघ दाखवावा. मिचेल १९७२ मध्ये सहकर्णधार झाला आणि पुढच्याच वर्षी त्याच संघाचा साहाय्यक प्रशिक्षक.