उपचाराच्या नावाखाली प्रयोग

काही महिन्यांपूर्वी आमच्या वॉर्डात २६ वर्षांचा एक तरुण ताप आला म्हणून दाखल झाला. दोन वर्षांपूर्वी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून पडून त्याच्या मणक्याला मार बसला होता आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले होते. तापाचे कारण अशा रुग्णांत नेहमी आढळणारेच होते. लघवीच्या नळीमुळे जंतुसंसर्ग झाला होता आणि सतत पडून राहिल्याने माकडहाडावर तळहाताएवढी जखम झाली होती.

जुने कागद मागितले तेव्हा वडिलांनी पिशवीतून एक गुळगुळीत, रंगीत फाइल काढली. शहरातल्या एका खासगी केंद्रात मुलाला ‘स्टेम सेल’चे तीन डोस दिले होते. दर वेळी कमरेच्या हाडातून अस्थिमज्जा काढायची, ती यंत्रात फिरवून पेशी वेगळ्या करायच्या आणि त्याच दिवशी पाठीत सुई टोचून मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात सोडायच्या. या खर्चापायी एक एकर जमीन गेली होती. काही फरक पडला का, असे विचारले. वडील म्हणाले, “पहिल्या डोसानंतर अंगठ्यात जरा जाणवल्यासारखं झालं होतं, साहेब.”

फाइल दोनदा चाळली. बिले होती, पुढच्या डोसांच्या तारखा होत्या, इंग्रजीतले संमतीपत्र होते आणि त्याखाली वडिलांची मराठीत सही होती. नैतिकता समितीच्या मंजुरीचा उल्लेख मात्र कुठेच नव्हता. वैद्यकीय चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीतला, म्हणजे सीटीआरआयचा क्रमांकही नव्हता. केंद्राच्या लेखी हा प्रयोग नव्हताच, उपचार होता.

माझा मुद्दा या एका शब्दाच्या फरकाचा आहे. हीच सुई मला आमच्या सरकारी रुग्णालयात संशोधन म्हणून द्यायची असती, तर काय काय करावे लागले असते? आधी संपूर्ण आराखडा लिहून नैतिकता समितीपुढे ठेवावा लागला असता. २०१९च्या ‘नवीन औषधे व वैद्यकीय चाचण्या नियमां’नुसार चाचण्या तपासणाऱ्या समितीत किमान सात सदस्य लागतात. त्यांतले निम्मे आणि अध्यक्ष संस्थेबाहेरचे असावे लागतात. एक कायदेतज्ज्ञ, एक सामान्य नागरिक आणि किमान एक महिला असावी लागते. स्टेम सेलसाठी वेगळी समिती आणि केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगीही लागते. संमतीपत्र रुग्णाला कळेल अशा भाषेत द्यावे लागते. रुग्णाकडून प्रयोगाचे पैसे घेता येत नाहीत. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई द्यावी लागते. मृत्यू झाल्यास ८ लाख रुपये ही मूळ रक्कम धरून वय आणि आजाराची जोखीम यांनुसार भरपाई ठरते.

आणि ‘उपचार’ म्हटले की? यातले काहीच आड येत नाही. जो प्रामाणिकपणे ‘मला माहीत नाही, तपासून पाहतो’ म्हणतो, त्याला दहा दारे ठोठावावी लागतात. ‘मला माहीत आहे, पैसे भरा’ म्हणणाऱ्याला एकही दार लागत नाही.

स्टेम सेल हे थोतांड नव्हे. रक्ताचा कर्करोग, थॅलेसेमिया यांसारख्या आजारांत अस्थिमज्जेचे प्रत्यारोपण हा सिद्ध उपचार आहे आणि त्याने असंख्य जीव वाचले आहेत. पण रक्त तयार करणारी पेशी रक्ताच्या आजारात उपयोगी पडली म्हणून ती तुटलेला मज्जारज्जू जोडेल, असे होत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांत हे स्पष्ट आहे. रक्तपेशींच्या मान्यताप्राप्त प्रत्यारोपणाखेरीज स्टेम सेलचा कोणताही वापर हे संशोधनच. तो मंजूर चाचणीतच व्हावा आणि रुग्णाकडून त्याचे शुल्क घेऊ नये. स्वमग्न मुलांना दिल्या जाणाऱ्या अशा ‘थेरपी’बद्दल राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाने डिसेंबर २०२२मध्ये सांगितले की, ती देणे, तिचा प्रचार किंवा जाहिरात करणे हे व्यावसायिक गैरवर्तन आहे.

मग अडते कुठे? मार्गदर्शक तत्त्वे म्हणजे कायदा नव्हे, हे पहिले उत्तर. २०१९च्या नियमांत स्टेम सेलपासून बनवलेले उत्पादन ‘नवीन औषध’ मानले आहे, पण पेशींवर ठरावीक पातळीपेक्षा जास्त प्रक्रिया झाली असेल तरच. नुसते धुणे, यंत्रात फिरवणे, वेगळे करणे आणि त्याच शस्त्रक्रियेत त्याच रुग्णाला परत देणे ही तशी प्रक्रिया धरलेली नाही. संशोधन परिषदेची तत्त्वे अशा पेशींनाही सूट देत नाहीत. पण नियमातली ही फट दाखवून ‘हे औषधच नाही’ असा दावा करता येतो.

हीच फट अमेरिकेतही होती. फ्लोरिडातील एका क्लिनिकमध्ये दृष्टी मंदावलेल्या तीन वृद्ध महिलांच्या पोटाची चरबी काढून, तिच्यातल्या पेशी दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी टोचल्या. प्रत्येकीकडून ५ हजार डॉलर घेतले. नव्या उपायाची चाचणी दोन्ही डोळ्यांवर एकदम करायची नसते, हे नेत्रविभागातला शिकाऊ डॉक्टरही सांगेल. तिघींची दृष्टी गेली. २०१७मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने हा वृत्तांत छापला. चरबीतून अशा पेशी काढून विकणाऱ्या फ्लोरिडातील व्यवसायावर तिथल्या औषध प्रशासनाने खटला भरला. ‘रुग्णाच्याच पेशी, एकाच शस्त्रक्रियेत परत दिल्या’ हा बचाव न्यायालयाने २०१९मध्ये फेटाळला आणि २०२१मध्ये वरच्या न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला.

आपल्याकडे दुसरी अडचण अधिकारांच्या वाटणीची आहे. पेशी औषध आहेत की नाहीत, हा अन्न व औषध प्रशासनाचा प्रश्न. डॉक्टरांचे वर्तन महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या अखत्यारीत. केंद्राची नोंदणी १९४९च्या शुश्रूषागृह कायद्याखाली स्थानिक प्रशासनाकडे आणि तिथे भर खाटा, कर्मचारी, स्वच्छता यांवर. आत काय टोचले जाते, हे पाहण्याची जबाबदारी प्रत्येक कार्यालय दुसऱ्याची समजू शकते. जाहिरातींसाठी १९५४चा ‘जादुटोणा उपाय’ कायदा आहे. त्याच्या यादीत ५४ आजार आहेत, त्यांत पक्षाघातही आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तो कायदा लिहिला गेला तेव्हा जाहिरात भिंतीवर आणि वर्तमानपत्रात असे. आज ती मोबाइलवर ‘रुग्णाचा अनुभव’ म्हणून येते.

नियम कडक केले तर नवे शोध थांबतील, असे काही सहकारी म्हणतात. त्यांनी मुंबईतच पाहावे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून घडलेल्या कार-टी पेशी उपचारात रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशी काढून, त्यांत जनुकीय बदल करून परत दिल्या जातात. स्टेम सेलच्या सुईपेक्षा हे काम कितीतरी किचकट. तरीही जून २०२१मध्ये पहिल्या रुग्णाला तो चाचणीत दिला गेला आणि ऑक्टोबर २०२३मध्ये औषध नियंत्रकांची मंजुरी मिळाली. परिणाम आणि दुष्परिणाम दोन्ही जगापुढे छापून आले. शोध नियमांमुळे अडला नाही. नियमांतून गेल्यामुळेच आज डॉक्टर तो विश्वासाने सुचवू शकतो.

आता आमच्याकडेही बोट वळवायला हवे. त्या वडिलांना मी विचारले की, जमीन विकण्याआधी सरकारी डॉक्टरांना का नाही विचारले? ते म्हणाले, “विचारलं होतं. ‘काही होणार नाही’ म्हणाले आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. तिथं आम्हाला तासभर बसवून समजावलं.” याला माझ्याकडे उत्तर नव्हते. आमच्या बाह्यरुग्ण विभागात एका रुग्णाला तीन-चार मिनिटे मिळतात. पुनर्वसनाची सोय जिल्ह्याच्या ठिकाणी तोकडी आहे, तालुक्याला जवळपास नाहीच. सिद्ध उपचार जिथे पोहोचत नाही, तिथे असिद्ध उपचाराला गिऱ्हाईक आयतेच मिळते.

म्हणून दोन गोष्टी एकत्र व्हायला हव्यात. जो उपाय सिद्ध नाही तो संशोधनच, मग पेशींवर प्रक्रिया कितीही थोडी असो, हे तत्त्व दंडाच्या तरतुदीसह कायद्यात यावे आणि तपासणीची जबाबदारी एकाच यंत्रणेवर असावी. सोबत जिल्हा रुग्णालयांत मणक्याच्या रुग्णांसाठी पुनर्वसन कक्ष उभे राहावेत.

तोवर वाचकांनी कुठल्याही ‘नव्या’ उपचाराला हो म्हणण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. हा मान्यताप्राप्त उपचार आहे की प्रयोग? प्रयोग असेल तर नैतिकता समितीची मंजुरी आणि सीटीआरआय क्रमांक कुठे आहे? आणि प्रयोग माझ्यावर होणार असेल, तर पैसे मी का द्यायचे? सीटीआरआयचा क्रमांक मिळाला तरी तो फक्त नोंदीचा पुरावा आहे, गुणाचा नव्हे, हेही लक्षात ठेवावे.

तो तरुण तीन आठवड्यांनी घरी गेला. जाताना त्याच्यासाठी हवेची गादी मिळवली, दर दोन तासांनी कूस कशी बदलायची आणि दिवसातून ठरावीक वेळा नळी घालून लघवी कशी काढायची, हे त्याच्या आईला शिकवले. हे सगळे पहिल्याच महिन्यात झाले असते, तर ती जखमही कदाचित झाली नसती. त्याचा खर्च त्या एका एकराच्या किमतीपुढे काहीच नव्हता.