लेथची लिंक मिळणार नाही

मिशिगनमधल्या आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी घरच्या लेथवर केलेल्या पितळी भोवऱ्याचा फोटो टाकला. तासाभरात तिघांचा एकच प्रश्न : 'स्वस्तात कुठला घेतलास? लिंक पाठव ना.' तिघेही माझ्यासारखेच सॉफ्टवेअरवाले. मी लिंक पाठवली नाही, आणि ते शहाणपणाचं होतं असं मला अजूनही वाटतं.

चार वर्षांपूर्वी मी लिंकवरूनच लेथ घेतला होता. आठशे डॉलरचा चिनी मिनी लेथ, वजन चाळीस किलोच्या आसपास, टेबलावर मावणारा, चकचकीत लाल. वाटलं, लॅपटॉपसारखं असेल, प्लग लावला की काम सुरू. सुरू झालाही. पण अॅल्युमिनियमची सळई एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक निघायची, कारण हेडस्टॉकच सरळ बसवलेला नव्हता. पोलादाला टूल लावलं की सगळं मशीन थरथरायचं. मग प्लास्टिकचा गिअर तुटला. त्यात चार जॉचा चक, ड्रिल चक, डायल गेज, टूलला धार लावायला ग्राइंडर असं करत आणखी सातशे डॉलर गेले. हा खर्च मी धरलाच नव्हता.

माझे काका कोल्हापूरच्या उद्यमनगरात तीस वर्षं टर्नर होते. व्हिडीओ कॉलवर मशीन दाखवलं तर म्हणाले, "अरे, रंग काय बघत बसलास? बेड बघायचा की!"

बेड कसा बघतात हे मला ठाऊकच नव्हतं. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी वर्कशॉपमधला जॉब आमच्यातल्या निम्म्यांनी तिथल्या मामांकडून करून घेतला होता. ते आता भोवतंय!

माझं मत स्पष्ट आहे. गॅरेज असेल तर पहिला लेथ जुना घ्यावा, पण डोळ्यांसमोर चालवून बघून. आमच्या भागात साउथ बेंड, लोगन, अॅटलस अशी जुनी अमेरिकन मशिनं अजून विकायला येतात. बेड सर्वात जास्त झिजतो तो चकजवळ, कारण बहुतेक काम तिथंच होतं. तिथं कॅरेज थोडं आवळायचं आणि टेलस्टॉककडे सरकवायचं. पुढे जाऊन अडकलं तर समजायचं, बेड झिजलाय. क्रॉस स्लाइडच्या हँडलमध्ये थोडा प्ले असला तर घाबरू नये, नट बदलता येतो. पण आटे पाडायचे गिअर गायब असतील तर ते शोधता शोधता वर्ष जातं. आणि मोटारीची पाटी वाचा. कारखान्यातलं मशीन बऱ्याचदा थ्री फेजचं असतं, घरी सिंगल फेज. मग वेगळा ड्राइव्ह घ्यावा लागतो.

तिसऱ्या मजल्यावरच्या अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्याला दोनशे किलोचं धूड कुठून झेपणार? त्यानं मिनी लेथच घ्यावा. फक्त अर्धवट जोडलेलं मशीन घरी आणतोय असं समजून घ्यावा, आणि निम्मे पैसे हत्यारांसाठी मागे ठेवावेत.

त्याआधी जवळच्या कम्युनिटी कॉलेजात मशीन शॉपचा वर्ग मिळाला तर जरूर करा. चकची चावी चकमध्ये ठेवून मशीन सुरू करायचं नाही. अंगठी, हातमोजे, लांब बाह्या चालणार नाहीत. हे शिकवायला शेजारी माणूस उभा लागतो. आपण लोक कोडमधली चूक अनडू करतो. इथे बोट गेलं की गेलं.

तिघांपैकी दोघं गप्प झाले. तिसऱ्यानं ओहायोतला एक जुना साउथ बेंड शोधलाय. शनिवारी सकाळी दहाला आम्ही बघायला जाणार आहोत, डायल गेज घेऊन. तिकडे संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतील. काकांना फोन चार्ज करून ठेवायला सांगितलंय.