हायब्रीड गाडीचे ॲव्हरेज आणि व्यापाऱ्याची वही

गतवर्षी संवत्सरी प्रतिक्रमण आटोपल्यावर सभासद बंधू परस्परांस 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणत असता कापडाचे एक तरुण व्यापारी आमच्यापुढे हात जोडून उभे राहिले. चेहऱ्यावर हसू होते, पण शब्द नेमके होते. "काकासाहेब, मी मागावयाची ती क्षमा मागतो. पण तुमचे सव्वीस आमच्या गाडीत एकोणीस कसे झाले, याचा खुलासा मात्र आज तुमच्याकडून हवा." आजूबाजूचे चारचौघे हसले. आम्हीही हसलो. परंतु घरी आल्यावर ते वाक्य मनातून जाईना.

घडले होते ते असे. त्याआधीच्या दिवाळीत स्नेहसंमेलनाच्या वेळी आमच्या पेढीच्या नव्या हायब्रीड सेडान गाडीविषयी कोणी विचारले, तेव्हा आम्ही मोठ्या ऐटीने 'लिटरला सव्वीस' असे सांगून टाकले. हा आकडा आम्ही कोठून आणला? हिवाळ्यातील एका सकाळी जैनथला सावकाश जाऊन येताना तो काचेखालच्या पडद्यावर एकदा उमटला होता, एवढाच त्यास आधार. त्या बोलण्यावर विसंबून या तरुण मित्राने आपली चांगली चालणारी डिझेल गाडी दिली आणि आमच्यासारखीच हायब्रीड गाडी घेतली. जुनी गाडीही त्यास अठरा-एकोणीसच देत होती. म्हणजे पदरचे काही लाख घालून त्याने डिझेलच्या जागी पेट्रोल भरावयास सुरुवात केली, यापलीकडे त्याच्या वहीत फारसा फरक पडला नाही.

आपण व्यापारी लोक. कापसाची गाडी यार्डात आली की ओलावा किती हे यंत्र लावून पाहिल्यावाचून भाव बोलत नाही. आठ टक्क्यांच्या वर ओलावा गेला की कपात, आणि बाराच्या वर गेला की कापूस महामंडळ तो घेतच नाही, हे आपल्या मुनिमाच्या मुलासही पाठ असते. सरकीत किती तूट येईल, गाठी किती पडतील, याचा हिशेब आपण बोटांवर करतो. आणि वीस लाखांची वस्तू विकत घेताना मात्र छापील कागदावरचा आकडा किंवा शेजाऱ्याच्या तोंडचा आकडा प्रमाण मानतो! हा विसंवाद आम्हांस या प्रसंगाने प्रथमच जाणवला.

तेव्हा छापील आकड्याचा विचार आधी करू. होंडाने ४ मे २०२२ रोजी सिटी या सेडान गाडीची हायब्रीड आवृत्ती बाजारात आणली, तेव्हा तिचे प्रमाणित ॲव्हरेज लिटरला २६.५ किलोमीटर असे जाहीर झाले होते. हा आकडा खोटा नाही. तो नियमानुसार केलेल्या चाचणीतून निघतो. परंतु ही चाचणी रस्त्यावर होत नाही. प्रयोगशाळेत फिरत्या रुळांवर गाडीची चाके ठेवून, ठरावीक क्रमाने वेग वाढवीत व कमी करीत, सुमारे वीस मिनिटे गाडी चालविली जाते. त्यांत वेग ताशी ९० किलोमीटरच्या पुढे जात नाही आणि सरासरी वेग तर तिशीच्या थोडा वर असतो. वातानुकूलन यंत्र बंद असते. समोरून वारा नाही, चढ नाही, मागच्या आसनावर चार पाहुणे नाहीत. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या आसपास तापणाऱ्या आपल्या आदिलाबादेत वातानुकूलन बंद ठेवून कोण गाडी चालविणार? सारांश, तो आकडा दोन गाड्यांची परस्परांशी तुलना करण्यासाठी आहे. आपल्या वहीत जमा धरण्यासाठी तो नव्हे.

हायब्रीड ही वस्तू जगात काही कालची नाही. जपानात टोयोटाची प्रियस १९९७ च्या डिसेंबरात विक्रीस आली. आपल्या देशात होंडाची सिव्हिक हायब्रीड २००८ मध्ये, प्रियस २०१० मध्ये व कॅमरी हायब्रीड २०१३ मध्ये आली. त्या सर्व श्रीमंतांच्या गाड्या होत्या, आणि जिल्ह्याच्या गावातील व्यापाऱ्यास त्यांच्याशी कर्तव्य नव्हते. आपल्यासारख्यांस खरी ओढ होती ती डिझेलची. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे निकष लागू झाले, मारुतीने डिझेल गाड्या करणे थांबविले, आणि पुढील दोन-तीन वर्षांत मध्यम सेडान गाड्यांतून डिझेल जवळपास नाहीसे झाले. तेव्हा कोठे 'आता कमी खर्चाची गाडी कोणती?' हा प्रश्न उत्पन्न झाला आणि त्याचे उत्तर म्हणून लोक हायब्रीडकडे वळले. परंतु डिझेलचे गुण आणि हायब्रीडचे गुण एकमेकांच्या अगदी उलट आहेत, ही गोष्ट कोणी नीट समजावून दिली नाही.

डिझेल गाडी लांबच्या सपाट रस्त्यावर खुलते. हायब्रीड गाडी खुलते ती गर्दीत. तिच्यात पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर व एक लहानशी बॅटरी असते. आपण ब्रेक लावतो तेव्हा साध्या गाडीत जी शक्ती उष्णता होऊन वाया जाते, तिचा काही भाग ही गाडी वीज करून बॅटरीत साठविते आणि पुन्हा निघताना वापरते. थांबल्यावर इंजिन बंद असते, आणि मंद वेगात पुष्कळदा चाके विजेवरच फिरतात. म्हणजे जितके थांबणे, जितके अडखळणे, तितका या यंत्रास वाव. परंतु ताशी शंभराच्या वेगाने नाकासमोर चाललेल्या गाडीस थांबण्याचे कारणच पडत नाही, तेथे साठविणार काय? उतारावरही तिची मर्यादा उघड होते. निर्मळकडे उतरताना महबूब घाटात बॅटरी थोड्याच वेळात भरते, आणि मग उरलेला उतार तिच्या दृष्टीने फुकट जातो.

आता आपल्या सभासदांचे जाणे-येणे कसे आहे ते पाहा. आदिलाबाद ते हैदराबाद सुमारे तीनशे किलोमीटर, नागपूर सुमारे दोनशे. दोन्हीकडे राष्ट्रीय महामार्ग ४४, चौपदरी. इच्चोडा, नेरडीगोंडा, निर्मळ, आर्मूर, कामारेड्डी असा रस्ता मोकळा सापडला की तरुण मंडळींचा पाय काटा एकशेवीसवर गेल्यावाचून राहत नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ऐंशीच्या वेगास जो विरोध असतो, त्याच्या सव्वादोन पट तो एकशेवीसला होतो. तेथे हायब्रीड असो की आणखी काही, पेट्रोल त्या हवेलाच द्यावे लागते. हैदराबाद आपल्याहून सुमारे अडीचशे मीटर उंचावर आहे, तेव्हा जाताना चढाचाही थोडा कर पडतो. आमचे ते मित्र आठवड्यातून दोनदा कापडखरेदीस हैदराबादेस जातात आणि संध्याकाळी दुकान गाठावयाचे म्हणून भरधाव परततात. त्यांचे एकोणीस हे यंत्राचे अपयश नव्हे. आमच्या सांगण्यातील अर्धवटपणाचे ते फळ होय.

त्या संवत्सरीपासून आम्ही एक स्वतंत्र वही घातली. रीत साधी आहे. ठरलेल्या एकाच पंपावर टाकी फुल्ल करावयाची, नळी पहिल्यांदा आपोआप थांबली की वर एक थेंब टाकावयाचा नाही, किलोमीटरचा आकडा टिपावयाचा. पुन्हा भरताना तसेच, आणि धावलेल्या किलोमीटरांस भरलेल्या लिटरांनी भागावयाचे. एका टाकीवरून निष्कर्ष काढू नये. तीन-चार टाक्यांची बेरीज करावी, म्हणजे नळीच्या थांबण्यातील लहानसहान चूक विरून जाते. आमच्या गाडीपुरते सांगावयाचे तर गावात व आसपासच्या खेड्यांत हिवाळ्यात चोवीसच्या आसपास पडले, भर उन्हाळ्यात अठरा-एकोणीस. महामार्गावर ऐंशी-नव्वद राखले तेव्हा तेवीस-चोवीस, आणि घाईच्या एका फेरीत साडेसतरा. पडद्यावरचा आकडा मात्र जवळजवळ प्रत्येक वेळी वहीपेक्षा एक-दीड किलोमीटरने फुगलेला असे. घरापासून दुकानापर्यंतचा दीड-दोन किलोमीटरचा प्रवास तर सर्वांत महाग पडला, कारण थंड इंजिन तापण्याच्या आतच आम्ही उतरलेलो असतो. तेवढे अंतर पायी गेल्यास ॲव्हरेजही सुधारेल आणि प्रकृतीही, असे आमच्या घरून अनेकदा सुचविले गेले आहे.

सध्याच्या पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल असते. लिटरभर इथेनॉलात लिटरभर पेट्रोलाच्या सुमारे दोन-तृतीयांश एवढीच ऊर्जा असते. त्याचाही अल्पसा परिणाम आकड्यावर होणारच.

आता रुपयांचा हिशेब. साध्या स्वयंचलित पेट्रोल सेडानपेक्षा हायब्रीडला चार लाख रुपये अधिक पडले असे धरू. साधी गाडी चौदा देते, हायब्रीड एकवीस देते, पेट्रोल लिटरला ११० रुपये, आणि वर्षाचे धावणे १५ हजार किलोमीटर. वर्षास सुमारे ३५७ लिटर वाचतात, म्हणजे ३९ हजार रुपये. चार लाख वसूल व्हावयास दहा वर्षे लागतील. होंडाच्या उपरोक्त गाडीच्या बॅटरीची हमी आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यांतील जे आधी होईल तेथवर आहे. म्हणजे हमी आधी सरते व वसुली मागाहून पुरी होते. शिवाय आपण व्याज विसरणारे लोक नव्हेत. चार लाखांवर सात टक्क्यांनी २८ हजार व्याज धरले तर वर्षाकाठी हाती उरतात अकरा हजार. धावणे ३० हजारांचे असेल तर मात्र चित्र पालटते. ७८ हजारांची बचत होते आणि व्याज जाऊनही पन्नास हजार उरतात. यावरून कोणी असे समजेल की फार धावणाऱ्याने हायब्रीड घ्यावी. पण आपल्याकडे फार धावणारा महामार्गावरच धावतो, आणि भरधाव धावला की एकवीसचे अठरा होतात. तेव्हा किती धावतो यापेक्षा कसा धावतो, हे आधी पाहावे लागते.

सरकारच्या करासंबंधी आमची एक तक्रार आहे ती येथेच नोंदवितो. २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत अशा गाडीवर २८ टक्के जीएसटी व वर १५ टक्के उपकर होता. त्या दिवसापासून उपकर जाऊन मोठ्या हायब्रीड गाड्यांवर एकच ४० टक्के कर बसू लागला. विजेच्या गाडीवर तो ५ टक्के आहे. इंधन कमी जाळणाऱ्या गाडीस आणि वाटेल तसे जाळणाऱ्या मोठ्या गाडीस एकाच पंक्तीत बसविण्यात कोणते धोरण आहे, हे आम्हांस उमगत नाही.

मग हायब्रीड घेऊच नये काय? आमचे म्हणणे तसे नाही. वरील हिशेबातील ३५७ लिटर म्हणजे सुमारे आठशे किलो कार्बन वायू दरवर्षी हवेत जावयाचा राहतो. आरंभ-समारंभाची हिंसा शक्य तितकी कमी करावी ही आपली परंपरा. शकटकर्म व भाटककर्म यांची गणना आपल्या पूर्वाचार्यांनी पंधरा कर्मादानांत केली होती (यंत्रपीडनाचीही केली होती, पण जिनिंगच्या गावात तो विषय आम्ही वाढवीत नाही). तेव्हा गाडी घेणे भागच असेल, जुनी काढून घ्यावयाची असेल, आणि चालविणारा सौम्य असेल, तर हायब्रीड अवश्य घ्यावी. परंतु ती नफ्यासाठी घेतली असे म्हणू नये. आणि जुनी दारात ठेवून 'पर्यावरणासाठी' म्हणून दुसरी उभी करणे हा निव्वळ परिग्रह होय, त्यास दुसरे नाव देण्याचे कारण नाही.

वेगाविषयी आणखी एक गोष्ट. शेषकाळात आपले साधु-साध्वी याच रस्त्याच्या कडेने पहाटेच्या अंधुक उजेडात अनवाणी विहार करीत असतात. विहारात वाहनाची धडक बसून झालेल्या दुर्घटना समाजाने अनेकदा ऐकल्या आहेत. ज्या जयणेचा उपदेश आपण व्याख्यानात ऐकतो, तिचे माप गाडीत बसल्यावर आपल्या उजव्या पायाखाली असते. ऐंशी-नव्वदचा वेग राखल्यास हैदराबाद गाठावयास तासभर अधिक लागेल, एवढेच.

राहता राहिली आमची स्वतःची चूक. तिसऱ्या अणुव्रताच्या अतिचारांत 'हीनाधिकमानोन्मान' हा एक अतिचार सांगितला आहे. घेताना एक माप, देताना दुसरे. आपल्या दुकानात आता इलेक्ट्रॉनिक काटे आहेत, त्यांवर शिक्के आहेत, आणि त्या बाबतीत आपण निर्धास्त आहोत. पण पडद्यावरचा एक दिवसाचा उत्तम आकडा उचलून तो बारमाही म्हणून दुसऱ्याच्या पदरात टाकणे, हे खोटे मापच नव्हे काय? त्यात आम्हांस एक पैशाचाही लाभ नव्हता. केवळ आपली खरेदी शहाणपणाची होती, असे चारचौघांत दिसावे एवढाच मोह. परंतु त्या मोहाची किंमत दुसऱ्याने भरली. विक्रेता फुगवून सांगतो हे आपण गृहीत धरतो. सहधर्मी बंधू फुगवून सांगेल हे कोणी गृहीत धरीत नाही, आणि म्हणूनच त्याच्या शब्दाने अधिक नुकसान होते.

यास्तव आमची कार्यकारिणीस एक सूचना आहे. संघाच्या कार्यालयात एक इंधन-वही ठेवावी. ज्या सभासदाकडे जी गाडी असेल, मग ती हायब्रीड, डिझेल, साधी पेट्रोल किंवा विजेची कोणतीही असो, त्याने टाकी ते टाकी निघालेला आकडा, महिना, रस्ता व साधारण वेग यांसह तीत लिहावा. पडद्यावरचा आकडा लिहू नये. नवी गाडी घेणाऱ्याने आधी कार्यालयात येऊन ती वही चाळावी. खर्च एका वहीचा आणि एका पेनाचा.

आमच्या वर्षभराच्या नोंदींची नक्कल आम्ही सचिवांकडे दिली आहे, त्यात ते साडेसतराही आहे. आमच्या तरुण मित्रानेही आपल्या नोंदी देण्याचे कबूल केले आहे. गेल्या महिन्यात एका फेरीत त्यांनी वेग नव्वदच्या आत ठेवून पाहिला, तेव्हा बावीस पडले असे त्यांनी दूरध्वनीवरून कळविले. "टाकी ते टाकी का?" असे आम्ही विचारले. पलीकडे क्षणभर शांतता. मग ते म्हणाले, "नाही काकासाहेब, पडद्यावर. उद्या भरून सांगतो." दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलेला आकडा होता वीस पूर्णांक आठ.