झाडं लावणारे ढीगभर, जंगल राखणारे किती?

पोस्ट जरा मोठी आहे, पण विषय आपल्या सगळ्यांचा आहे. शेवटपर्यंत वाचा.

पाऊस पडायला लागला की चाळीसगावात दोन गोष्टी ठरलेल्या. रविवारी पाटणादेवीच्या रस्त्याला गाड्यांची रांग, आणि मोबाइलवर वृक्षारोपणाचे फोटो. खड्डा एक, रोप एक, हात लावणारे पंधरा! सरकारनेही तेच मोठ्या प्रमाणावर केलं. २०१७ ला ४ कोटी, २०१८ ला १३ कोटी आणि २०१९ ला ३३ कोटी झाडं लावायचं उद्दिष्ट होतं. आपल्या गावच्या गायरानात जा, त्यातली किती उभी आहेत ती स्वतः मोजा. मी काही बोलत नाही.

मुद्दा असा की आपल्याला नवीन जंगल लावायची जेवढी घाई आहे, तेवढी असलेलं जंगल राखायची नाही. गौताळा औट्रमघाट अभयारण्य १९८६ साली जाहीर झालं. दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे २६० चौरस किलोमीटर, म्हणजे २६ हजार हेक्टर. एवढी दौलत उशाशी आहे आणि आपण तिथे जाऊन कुरकुऱ्यांची पाकिटं टाकून येतो.

आपल्या जंगलाचं एक दुखणं आहे. टीव्हीवर बघून आपल्या डोक्यात जंगल म्हणजे बारमाही हिरवंगार वर्षावन. आपलं जंगल तसं नाही, ते पानगळीचं. सालई, धावडा, पळस, खैर उन्हाळ्यात पानं टाकून उभे राहतात. तो झाडांचा पाणी वाचवायचा मार्ग आहे. पण बघणाऱ्याला वाटतं, सगळं वाळलंय, मेलंय. मग कोणी विडी टाकतो, कोणी चांगलं गवत येईल म्हणून काडी लावतो. वणव्यात मोठी झाडं बऱ्याचदा तगतात, पण खालची रोपं जळून जातात. म्हणजे जंगलाची पुढची पिढीच संपते. आणि जुलैत आपण तिथेच खड्डे खणायला जातो!

"आपलं काय जास?" असं म्हणणाऱ्यांनी ३० आणि ३१ ऑगस्ट २०२१ आठवावं. रात्रभर डोंगरात पाऊस कोसळला, कन्नड घाटात दरड आली, तितूर आणि डोंगरी नद्यांचं पाणी गावात शिरलं. दुकानं गेली, गुरं वाहून गेली. आता कोणी म्हणेल, तेवढ्या पावसापुढे जंगल तरी काय करणार? बरोबर आहे, सगळा पूर जंगलाने अडला नसता. नदीपात्रातली बांधकामं हाही वेगळा विषय आहे. पण उघड्या डोंगरावरचं पाणी माती घेऊन धावत सुटतं, आणि झाडोऱ्यातलं पाणी जिरत, थांबत उतरतं. हे शेतकऱ्याला कोणी शिकवायची गरज नाही, बांधावर रोज दिसतं.

मग करायचं काय? उत्तर लांब नाही, आपल्याच खान्देशात आहे. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं बारीपाडा. तीसेक वर्षांपूर्वी तिथले डोंगर बोडके होते आणि गाव पाण्यासाठी वणवण करत होतं. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी ठरवलं, कुऱ्हाड बंद. नियम गावाने केले, दंड गावाने लावला, राखण गावाने केली. आज चारशे हेक्टरांहून जास्त जंगल उभं आहे. तिथल्या बाया दरवर्षी वनभाजी महोत्सवात रानभाज्या रांधून आणतात आणि कोणती भाजी कशासाठी हे शहरातल्या लोकांना समजावून सांगतात. २०२५ मध्ये चैत्रामभाऊंना पद्मश्री मिळाली. लक्षात घ्या, तिथे आधी राखण आली, मग पाणी आलं, आणि पुरस्कार सगळ्यात शेवटी आला.

आपल्याकडे अडचण वेगळी आहे, हेही मान्य. डोंगराच्या पायथ्याच्या तांड्यांवरची, वस्त्यांवरची माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. वणव्याचा हंगाम फेब्रुवारी ते मे. म्हणजे ज्याला जंगलाची वाट न् वाट माहीत आहे, तो आग लागायला सुरुवात होते तेव्हा परजिल्ह्यात कोयता चालवत असतो. त्याला गावातच चार महिने काम मिळालं, तर जंगलही वाचेल आणि पोरांची शाळाही सुटणार नाही. जाळरेषा काढणं, आगीवर पाळत ठेवणं, पर्यटकांना वाट दाखवणं हे सगळं प्रशिक्षण देऊन होणारं काम आहे. बिबट्याचंही तेच. २०१७ च्या अखेरीस तालुक्यात माणसांचे बळी गेले, शेवटी त्या बिबट्याला गोळी घालावी लागली. त्या दिवसांत संध्याकाळी शेतात जायची हिंमत होत नव्हती. माग ओळखणारी, गर्दी आवरणारी चार शिकवलेली पोरं प्रत्येक गावात असली, तर भीतीही कमी होईल आणि अफवाही.

पैसा कुठून आणायचा? कोस्टा रिकात २२ हजार हेक्टरांहून मोठं एक वर्षावन 'मुलांचं' म्हणून ओळखलं जातं. १९८७ साली स्वीडनमधल्या एका लहान शाळेतल्या पोरांनी पैसे जमवले, तिथून त्याची सुरुवात झाली. आकाराने आपल्या गौताळ्याच्याच जवळपासचं!

पण स्वीडन तरी कशाला? पाटणचा शिलालेख आठवा. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला तिथे मठ काढला. तो चालावा म्हणून बाजारातल्या व्यवहारावर आणि तेलाच्या घाण्यांवर वाटा लावल्याची नोंद त्या दगडावर आहे. आठशे वर्षांपूर्वी या भागातला बाजार जंगलाच्या पायथ्याच्या शिक्षणाला पैसा देत होता. आजचा व्यापारी, डॉक्टर, बागायतदार देणार नाही? पुरात तर त्याचंच दुकान बुडतं.

म्हणून एक विनंती. यंदा ज्या मंडळाला, ज्या शाळेला वृक्षारोपण करायचंय, त्यांनी जरूर करा. पण अर्धा खर्च बाजूला ठेवा आणि येत्या फेब्रुवारीत पायथ्याच्या एका गावातल्या दोन पोरांची चार महिन्यांची मजुरी भरा. वन विभागाला आणि ग्रामसभेला सोबत घ्या. हिशोब चौकात फलकावर लावा. आणि शाळांनो, सहल पाटणादेवीला न्याच, पण एकदा एप्रिलमध्ये न्या. पानं गळालेलं जंगल जिवंत असतं, हे पोरांना तिथेच कळेल.

तुमच्या मंडळाची तयारी असेल तर खाली लिहा. नुसता अंगठा नको, गावाचं नाव लिहा.