तपासणीच्या कागदावरील दोन उपेक्षित आकडे

रक्तातील युरिक ॲसिड वाढणे हा मांसाहारी व मद्यपी लोकांचा विकार होय, आपणां शाकाहारी कुटुंबांस त्याचे भय नाही, अशी समजूत आपल्या व्यापारी बंधूंमध्ये दृढमूल झालेली आहे. तरीही आकडा वाढलेला निघालाच, तर सारा दोष तुरीच्या डाळीवर ढकलला जातो. मी डाळीचा घाऊक व्यापारी. तेव्हा हा गृहस्थ आपल्या मालाची वकिली करीत आहे असे कोणी म्हणतील. म्हणोत बापडे! परंतु अमेरिकेतील 47 हजारांवर पुरुषांची बारा वर्षे पाहणी करून 2004 साली जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला, त्यात मांस व मासे यांच्या अतिसेवनाने वातरक्ताचा धोका वाढलेला दिसला. कडधान्यांनी तो वाढलेला दिसला नाही.

खरे मूळ आपल्या गादीवर आहे. दिवसभर बैठक, सुटलेले पोट, लग्नसराईतील जिलेबी आणि अलीकडे बाटलीतील गोड पेये! साखरेतील फ्रुक्टोज युरिक ॲसिड वाढविते. शरीर इन्शुलिनला दाद देईनासे झाले की मूत्रपिंडे ते पुरेसे बाहेर टाकीत नाहीत. त्याच अवस्थेत मूत्रपिंडांत अमोनिया कमी निर्माण होतो व मूत्र अधिक आम्ल राहते. त्याचा पी.एच. सतत 5.5 च्या खाली राहिल्यास युरिक ॲसिडचे खडे धरू लागतात. पोत्यात हात घातल्यावर आत ऊब लागली, तर कीड डोळ्यांस दिसेपर्यंत आपण कधी थांबतो काय?

कंबरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, ट्रायग्लिसराइड्स व एच.डी.एल. या पाचांपैकी तीन बिघडले म्हणजे डॉक्टर त्यास मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. युरिक ॲसिड त्या पाचांत नाही, आणि ते रोगाचे कारण की केवळ सोबती, याविषयी तज्ज्ञांत अद्याप मतभेद आहेत. म्हणून पुरुषांत 7 व स्त्रियांत 6 मिलिग्रॅमच्या वर आकडा गेला की आपल्याच मनाने गोळी सुरू करणे मला मान्य नाही. मूत्राचा पी.एच. तर आहाराप्रमाणे व वेळेप्रमाणे बदलतो. एका कागदावरून घाबरून जाण्याचे कारण नाही. मात्र हे आकडे पुनःपुन्हा तसेच येत असतील, तर उरलेल्या पाच गोष्टी तपासून घ्याव्यात, एवढेच माझे म्हणणे आहे.

उपवासासंबंधी एक शब्द. दीर्घ निराहारात युरिक ॲसिड काही काळ वाढते, व पाणी वर्ज्य असल्यास मूत्र दाट होते. ज्यांस पूर्वी खडा झालेला आहे, त्यांनी पर्वापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. त्यात व्रतास उणेपणा येत नाही.

आरोग्य शिबिरे भरवून केवळ साखर व रक्तदाब पाहून आपण समाधान मानतो. यापुढे संघाने युरिक ॲसिडची चाचणी जोडावी आणि कंबरेचा घेर मोजावा. आपल्याकडे पुरुषांस 90 व स्त्रियांस 80 सेंटिमीटर ही मर्यादा मानली जाते. मूत्राचा पी.एच. साध्या तपासणीच्या कागदावर छापलेला असतोच. त्यास जादा दमडीही पडत नाही. मापफितीचा खर्च कोणतीही पेढी उचलील.