घाणा आणि पाहुणा

हिंगणघाटच्या माझ्या आतेभावाने लाकडी घाणा घातला आहे. तीळ, जवस, शेंगदाणा! घाण्याच्या तेलाला अलीकडे पुन्हा गिऱ्हाईक आले आहे. पण याचे तेल दोन महिन्यांत खवट होऊ लागले आणि बाटल्या परत येऊ लागल्या. कॉलेजातले रसायनशास्त्राचे एक प्राध्यापक तेल तपासून द्यायला तयार झाले, तर आत्याच आडवी आली. ‘‘बाहेरच्याले घाण्यापाशी कायले आणतं? घरची विद्या घरातच राहू दे!’’

आत्याची भीती अगदीच खोटी नाही. तिच्या सासऱ्यांच्या काळात कुठल्याशा कार्यालयाने न विचारता एक यंत्र आणून ठेवले होते. एक भाग तुटला, तो परत मिळाला नाही. पुढे त्या यंत्रावर कोंबड्या बसू लागल्या.

पण आपल्याच जिल्ह्याने दुसरे उदाहरणही पाहिले आहे. १९३४ साली वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याचे चिटणीस जे. सी. कुमारप्पा तंजावरचे, लंडनला हिशेबशास्त्र आणि अमेरिकेत अर्थशास्त्र शिकून आलेले. सल्लागारांत जगदीशचंद्र बोस, प्रफुल्लचंद्र राय आणि सी. व्ही. रामन! तेली, कागदी यांच्या धंद्यासाठी एवढी मोठी नावे गोळा करायला संघाला संकोच वाटला नाही. मगनवाडीत झवेरभाई पटेल तेलघाण्यावर प्रयोग करीत राहिले आणि त्यातून ‘वर्धा घाणी’ निघाली. उखळ तेच, लाट तीच, बैलही तोच. मात्र एका वेळी बी जास्त घेणारी. हे जमले, कारण प्रयोग, शिक्षण आणि प्रत्यक्ष उत्पादन एकाच आवारात चालत होते. चूक झाली तर ती संशोधकाच्या डोळ्यांदेखत होत होती.

मला वाटते, फरक इथेच आहे. यंत्र पाठवणारा बाहेरचाच राहतो. घाण्यापाशी बसणारा भागीदार होतो. लहान धंद्याला स्वतःची प्रयोगशाळा परवडत नाही, आणि प्रयोगशाळेला घाण्यावरचा पिढ्यांचा अनुभव विकत मिळत नाही. तेल सुटावे म्हणून बियांवर पाणी किती शिंपडायचे, हे आत्याच्या हाताला कळते. त्यातले किती तेलात उरते आणि तेल का बिघडते, हे प्राध्यापकांना मोजता येते. यातले एकच ज्ञान घेऊन बाटली टिकायची नाही. अर्थात, आधी बोलून ठरवावे: खर्च कोणाचा, आणि निघालेली युक्ती कोणाची. घरोब्यातही हिशेब चोख असावा!

गेल्या रविवारी प्राध्यापक आले. जवसाच्या पोत्यावरच बसले. दोन कप चहा झाल्यावर आत्या म्हणाली, ‘‘पाणी किती टाकाचं थे सांगतो. पन नुसतं लिहून नोका घेऊ, हात लावून पाहा!’’

प्राध्यापकांनी बाह्या वर केल्या.